‘अजून असंच काहीतरी’: आवडत्या ट्रान्स मिक्सची भावंडं शोधताना

ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एखादा दोन तासांचा मिक्स महिनाभर कानात घोळत राहतो. इतका पाठ होतो की पुढचा ट्रॅक कुठे शिरणार हे चार ठेके आधीच कळतं. आणि मग एके दिवशी तो ऐकवत नाही. आपण सर्चमध्ये ‘बेस्ट ट्रान्स मिक्स’ असं काहीतरी टाकतो. समोर सूर्यास्त, निळे डोंगर आणि अवकाशयानांच्या चित्रांची रांग लागते. त्यातले पाच मिक्स उघडतो आणि पाचही दोन-दोन मिनिटांत बंद करतो. नावाला सगळे ट्रान्सच, पण आपल्याला हवं होतं ते यात कुठेच नसतं.

इथे चूक सर्चची कमी आणि आपल्या प्रश्नाची जास्त असते. अख्ख्या मिक्ससारखा मिक्स शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. त्या मिक्समधली जी दहा मिनिटं तुम्ही पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकता, ती शोधायची असतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या दहा मिनिटांपासूनच सुरू होतात.

त्याआधी एका शब्दाचा घोळ मिटवू, कारण नवे लोक इथे हमखास अडखळतात. ‘मिक्स’चे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे डीजेनं अनेक ट्रॅक एकमेकांत गुंफून केलेला तास-दोन तासांचा सलग सेट. दुसरा अर्थ एकाच ट्रॅकच्या नावामागे चिकटलेला असतो: ‘ओरिजिनल मिक्स’, ‘एक्स्टेंडेड मिक्स’, ‘डब मिक्स’. एक्स्टेंडेड मिक्स म्हणजे त्याच ट्रॅकचं सात-आठ मिनिटांचं रूप. सुरुवातीला आणि शेवटाला नुसता ठेका असतो, म्हणजे डीजेला जोडायला जागा मिळते. पहिल्या अर्थाचं काही हवं असेल तर शोधताना ‘सेट’, ‘डीजे सेट’, ‘लाइव्ह अ‍ॅट’ हे शब्द वापरा. निम्मा कचरा तिथेच गळतो.

पायरी १: ती दहा मिनिटं कागदावर उतरवा

वही घ्या किंवा फोनमधली नोंदवही उघडा. आवडता मिक्स लावा आणि अंगावर काटा येतो त्या क्षणी फक्त वेळ लिहा. पहिल्या ऐकण्यात एवढंच करायचं. दुसऱ्यांदा ऐकताना प्रत्येक वेळेपुढे काय घडतंय ते साध्या भाषेत लिहा. तांत्रिक शब्द येत नसले तरी अडत नाही. माझ्या वहीतल्या जुन्या दोन नोंदी अशा आहेत:

‘४७:१० – ठेका थांबला. नुसता पसरलेला सूर, त्यात बाईचा आवाज, शब्द नाहीत. ४९:०५ ला ठेका परत आला तेव्हा खुर्चीतून उठलो.’

‘१:१२ ते १:२३ – काहीच घडत नाहीये. तरी बंद करवत नाही.’

दोन्ही नोंदी एकाच मिक्सच्या आहेत, पण त्या दोन वेगळ्या आवडी आहेत आणि त्यांचे रस्तेही वेगळे. पहिलीत मला मोठा ब्रेकडाउन (ठेका थांबून नुसते सूर उरतात तो भाग), धून आणि त्यानंतरचा धक्का हवा होता. दुसरीत धून नकोच होती; एकाच वळणावर फिरत राहणारा, हळूहळू रंग बदलणारा ठेका हवा होता. हे वेगळं केलं नाही आणि दोन्हींसाठी एकच शोध घेतला, तर कुठलाही निकाल अर्धाच पटतो. मी दोन वर्षं असाच भटकत होतो.

नोंद करताना स्वतःला विचारण्यासारखं आणखी थोडं आहे. बेस, म्हणजे खालचा जाड सूर, उड्या मारतो की घरंघळतो? धून पुढे येऊन गाते की मागे धूसर राहते? माणसाचा आवाज आहे का, आणि असला तर गाणं आहे की नुसता हुंकार? वातावरण उजेडाचं की अंधाराचं? शेवटचा प्रश्न बालिश वाटेल, पण ट्रान्स ऐकणारे आपसात बोलताना ‘डार्क’ आणि ‘अपलिफ्टिंग’ हेच शब्द वापरतात, आणि त्यातून त्यांना नेमकं कळतंही.

पायरी २: ठेका मोजा

नावांपेक्षा आकडे कमी फसवतात. ट्रान्समध्ये किक, म्हणजे तो ‘धप्-धप्’ आवाज, दर मात्रेला पडतो, त्यामुळे मोजणं सोपं आहे. घड्याळ लावून ३० सेकंदांत किती धप पडले ते मोजा आणि दुप्पट करा, आला बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. ६९ मोजलेत तर १३८. ६६ मोजलेत तर १३२.

१२८ ते १३४च्या आसपास असाल तर तुमचा ओढा बहुधा प्रोग्रेसिव्ह ट्रान्सकडे आहे. त्यात थर हळूहळू चढतात आणि घाई नसते. १३६ ते १४० हा अपलिफ्टिंगचा मुलूख: लांब ब्रेकडाउन, उंच जाणारी धून, आणि सिंथ या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा तो रुंद, झळाळणारा आवाज. त्या आवाजाला सुपरसॉ म्हणतात. रोलँडच्या १९९६च्या जेपी-८००० या सिंथनं तो घरोघरी पोहोचवला. याच वेगात धून काढून टाकली, कडा धारदार केल्या आणि ठेका टणक केला की टेक ट्रान्स. १४० ते १४८च्या घरात, किकच्या मधल्या जागेत बेस ‘डुगुडुगु’ घरंघळत असेल, तर तो सायट्रान्स. तिथे कान देऊन ऐका: एका किकनंतर पुढची किक यायच्या आत बेसचे तीन छोटे ठोके पडतात. अपलिफ्टिंगमध्ये बेस बहुतेकदा दोन किकच्या बरोबर मध्ये उसळतो. हा फरक एकदा कानाला कळला की मिक्सचं नाव न वाचताही दहा सेकंदांत तो कुठल्या घरातला आहे ते सांगता येतं.

गोवा ट्रान्स हा सायट्रान्सचा पूर्वज. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांमध्ये तो घडत गेला आणि नव्वदच्या दशकात जगभर गेला. त्यात धुनी एकमेकींवर वेलीसारख्या चढतात. आजचा सायट्रान्स त्या मानानं पुष्कळ कोरडा आणि नेटका आहे. ‘साय आवडत नाही’ म्हणणाऱ्या अनेकांना जुना गोवा आवडतो, आणि याच्या उलटही घडतं.

शैलींची नावं लेबलासारखी वापरा, पुरावा म्हणून नाही. ‘प्रोग्रेसिव्ह’ हा सगळ्यात दगाबाज शब्द. १९९९च्या मिक्सवर त्याचा एक अर्थ, आजच्या मिक्सवर दुसरा आणि सायट्रान्सच्या जगात तिसराच. म्हणून शोधताना नावासोबत वर्षाचीही जोडी द्या. ‘प्रोग्रेसिव्ह ट्रान्स २००२’ आणि ‘प्रोग्रेसिव्ह ट्रान्स २०२२’ हे दोन शोध करून पाहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

पायरी ३: ट्रॅकचं नाव काढा

आता त्या ४७व्या मिनिटाला वाजतंय ते काय, हे शोधायचं. आधी मिक्सखालचं वर्णन पाहा, कधी कधी डीजेनंच यादी दिलेली असते. नसेल तर १००१ट्रॅकलिस्ट्स या संकेतस्थळावर मिक्सचं नाव टाका. जगभरचे श्रोते तिथे सेटमधले ट्रॅक ओळखून, वेळेसकट लिहून ठेवतात. पहिल्यांदा ती यादी पाहिली की थोडं गांगरायला होतं, म्हणून दोन खुणा सांगतो. नावाआधी डब्ल्यू आणि तिरकी रेघ असेल तर तो ट्रॅक आधीच्या ट्रॅकच्या अंगावरच वाजतोय, स्वतंत्र नाही. आणि नावाच्या जागी नुसतं ‘आयडी’ लिहिलेलं असेल तर तो कुणालाच ओळखता आलेला नाही. बहुतेक वेळा असा ट्रॅक अजून प्रसिद्धच झालेला नसतो. डीजेंना नवे ट्रॅक बाजारात यायच्या कितीतरी आठवडे आधी मिळतात.

यादीच नसेल तर शझाम, हे वाजणारं गाणं ओळखणारं अ‍ॅप. ते ट्रान्स मिक्सवर वारंवार का अडतं हे कळलं तर चिडचिड कमी होते. शझाम आवाजाचा ठसा मूळ ट्रॅकच्या ठशाशी ताडून पाहतं. डीजेनं ट्रॅक तीन-चार टक्के जास्त वेगानं चालवला असेल किंवा दोन ट्रॅक एकमेकांवर असतील तर ठसा बिघडतो. म्हणून जोडाच्या जागी शझाम लावू नका. आधीचा ट्रॅक पूर्ण गळून पडला आहे आणि पुढचा अजून आलेला नाही, अशी जागा पकडा. ब्रेकडाउन सगळ्यात उत्तम, कारण तिथे ठेका नसतो आणि धून उघडी असते. एकाच ट्रॅकवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं तीन-चार वेळा प्रयत्न करा. तरी जमलं नाही तर प्लेअरमध्ये वेग ०.९५ करून पाहा. कधी कधी साधतं.

गायन असेल तर ऐकू आलेली एक ओळ अवतरणचिन्हांत टाकून शोधा. साउंडक्लाउडवर मिक्स असेल तर लाटांच्या त्या आलेखावर, तुमच्याच मिनिटाला, कुणीतरी आधीच ‘हा ट्रॅक कोणता?’ विचारलेलं असतं आणि खाली उत्तरही असू शकतं. स्वतः विचारायची वेळ आली तर मिनिट आणि सेकंद लिहा. ‘मधे कुठेतरी जो भारी ट्रॅक आहे तो सांगा’ याला उत्तर देणारा संत मला तरी अजून भेटलेला नाही.

पायरी ४: धागे ओढा

खरी मजा इथे आहे, आणि पाचही धागे एकाच तोलाचे नाहीत.

सगळ्यात भक्कम धागा: तोच ट्रॅक आणखी कुणी वाजवला? १००१ट्रॅकलिस्ट्सवर कुठल्याही ट्रॅकच्या पानावर गेलात की तो ज्या-ज्या सेटमध्ये वाजला त्यांची यादी दिसते. तुमच्या दहा मिनिटांतले दोन ट्रॅक घ्या, दोघांच्या याद्या शेजारी ठेवा आणि दोन्हींत असलेला सेट शोधा. एक ट्रॅक जुळणं योगायोग असू शकतो, कारण त्या आठवड्यात तो सगळेच वाजवत असतील. पण दोन जुळले, आणि त्यातला एक फारसा गाजलेला नसेल, तर त्या डीजेचा कान तुमच्या कानाजवळचा आहे असं खुशाल धरा. इथे प्रसिद्ध ट्रॅक टाळा. शेकडो सेटमध्ये वाजलेला ट्रॅक तुम्हाला पुन्हा त्याच गर्दीत नेऊन सोडतो. आठ-दहा सेटमध्येच वाजलेला ट्रॅक हा खरा वाटाड्या.

दुसरा धागा लेबलचा. ट्रान्समध्ये रेकॉर्ड लेबलची, म्हणजे ट्रॅक प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीची, चव कलाकाराइतकीच ठरलेली असते. अबव्ह अँड बियाँड या डीजे त्रिकूटानं २०००मध्ये काढलेलं अंजुनाबीट्स हे मधाळ, गाणं असलेल्या बाजूचं. मार्कस शुल्झचं कोल्डहार्बर काळोख्या, जड प्रोग्रेसिव्हकडचं. जॉन ००फ्लेमिंगचं जूफ रेकॉर्डिंग्ज खोल, लांब, सायकडे झुकणारं. माझी दुसरी नोंद, ती ‘काहीच घडत नाहीये’वाली, शेवटी मला इथेच घेऊन आली. डेन्मार्कचं इबोगा प्रोग्रेसिव्ह सायसाठी. ट्रॅकचं लेबल डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या सूचीवर किंवा बीटपोर्ट या डीजेंच्या ऑनलाइन संगीत-दुकानावर सापडतं. मग त्याच लेबलचे त्याच वर्षाच्या आसपासचे ट्रॅक ऐकायचे आणि ते वाजवणारे डीजे शोधायचे. बीटपोर्टनं ट्रान्सचे दोन कप्पे केले आहेत, ‘मेन फ्लोअर’ आणि ‘रॉ, डीप, हिप्नॉटिक’. तुमची नोंद कुठल्या कप्प्यात बसते हे कळलं तरी निम्मं रान मोकळं होतं. तिथे प्रत्येक ट्रॅकचा बीपीएमही दिलेला असतो, म्हणजे तुमची मोजणी तपासता येते.

तिसरा धागा रिमिक्स करणाऱ्याचा. एकच ट्रॅक किती वेगळ्या दिशांना जाऊ शकतो याचं उदाहरण म्हणजे ‘द एज ऑफ लव्ह’. मूळ १९९०चा. पण लोक ज्यावर फिदा झाले ते बहुतेकदा जॅम अँड स्पून या जर्मन जोडीचं १९९२चं रिमिक्स. आणि २०२१मध्ये शार्लट द विट आणि एन्रिको सांजुलियानो यांनी त्याचं रिमिक्स केलं, ते सरळ टेक्नोच्या दालनात गेलं. तुमच्या मिक्समध्ये यातलं कुठलं वाजलं यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो. म्हणून ट्रॅकचं नाव लिहिताना कंसातलं रिमिक्सरचं नाव कधी सोडू नका. अनेकदा तुमचा माणूस तोच असतो, मूळ कलाकार नव्हे.

चौथा धागा टोपणनावांचा. ट्रान्सवाले एका नावावर समाधान मानत नाहीत. फेरी कॉर्स्टेन हाच सिस्टम एफ. आर्मिन व्हॅन ब्यूरेन कधी गाया असतो. बेल्जियमचा माइक पुश हाच पुश आणि प्लॅस्टिक बॉय. अबव्ह अँड बियाँड आणि गायिका जस्टीन सुइसा एकत्र आले की ओशनलॅब. एखाद्या कलाकाराचे तीनच ट्रॅक सापडत असतील तर डिस्कॉग्जवर त्याच्या पानावरचा उपनावांचा रकाना उघडा. कधी कधी तिथे दहा वर्षांचं काम निघतं.

पाचवा, फक्त व्होकल ट्रान्स आवडणाऱ्यांसाठी: गायिका किंवा गायक. एमा हेविट, जेस, सुझाना ही मंडळी अनेक निर्मात्यांकडे गातात. आवाजाच्या मागे जाऊन तुम्ही आपोआप नव्या निर्मात्यांकडे पोहोचता.

सायट्रान्सच्या बाजूला असाल तर बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळाचा एक उपयोग सांगायलाच हवा. तिथे अल्बमखाली तो विकत घेतलेल्या लोकांची छोटी चित्रं असतात. एखाद्यावर टिचकी मारा, त्याचा सगळा संग्रह उघडतो. आपल्यासारख्याच वेडाच्या कुणा अनोळखी माणसाचं कपाट उघडून पाहण्यासारखं आहे ते. एक्टोप्लाझम या संकेतस्थळावर तर सायट्रान्सचे ढीगभर अल्बम कायदेशीरपणे मोफत आहेत.

पायरी ५: मिक्स कुठल्या वेळी, कुणाच्या हातून आणि कशासाठी झाला ते पाहा

इथपर्यंत आपण ट्रॅकमागे धावलो. पण मिक्स म्हणजे नुसती ट्रॅकची रांग नव्हे. वर्षभर ‘आयडी’ म्हणून माझ्या वहीत राहिलेला एक ट्रॅक अखेर प्रसिद्ध झाला. मी तो आतुरतेनं विकत घेतला आणि पहिल्या ऐकण्यात पार हिरमुसलो. एकटा ऐकला तर साधाच होता. मला आवडली होती ती डीजेची करामत: आधीच्या ट्रॅकचा आवाज त्यानं या ट्रॅकच्या ठेक्यावर सव्वा मिनिट तरंगत ठेवला होता. ट्रॅक सापडला, पण मी शोधत होतो तो त्या डीजेचा हात.

हात ओळखायचा असेल तर जोडाकडे कान द्या. काही डीजे चटकन बदलतात, अर्ध्या मिनिटात मोकळे होतात. काही दोन ट्रॅक दोन-दोन मिनिटं एकत्र चालवतात, आणि दोघांची स्वरपट्टी जुळत असल्यामुळे जोड कळतच नाही. १३८च्या वेगात चार मात्रांचं एक आवर्तन पावणेदोन सेकंदांच्या आसपास जातं, म्हणजे ३२ आवर्तनांना साधारण ५६ सेकंद. आवडत्या मिक्समधले तीन जोड घड्याळ लावून मोजा. सगळे अर्ध्या मिनिटाच्या आत असतील तर चपळ हाताचे डीजे शोधा, मिनिटापलीकडे जात असतील तर लांब सेट वाजवणारे.

सेटची जागाही महत्त्वाची. रात्रीच्या सुरुवातीचा वॉर्मअप सेट, मध्यरात्रीचा शिखराचा सेट आणि पहाटेचा शेवटचा सेट हे एकाच डीजेनं वाजवले तरी तीन वेगळे प्राणी असतात. तुम्हाला विलंबित, उलगडत जाणारं काही हवं असेल तर ‘वॉर्मअप सेट’ किंवा ‘ओपन टू क्लोज’ हे शब्द शोधात घाला. दुसऱ्याचा अर्थ दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत एकच डीजे. तासाभराच्या महोत्सवी सेटमध्ये त्याला धीर धरायला वेळच नसतो. टाळ्यांचे ट्रॅक लागतात. मला स्वतःला महोत्सवांचे मोठ्या मंचावरचे सेट फारसे रुचत नाहीत. अपवाद नेदरलँड्समधला ल्युमिनॉसिटी, कारण तो ट्रान्सवेड्यांनी ट्रान्सवेड्यांसाठी भरवलेला वाटतो. सायट्रान्ससाठी पोर्तुगालचा बूम आणि हंगेरीचा ओझोरा ही दोन नावं सेट शोधताना कामी येतात.

आणि वर्ष. डीजेचं नाव तेच राहतं, संगीत राहत नाही. टिएस्टोचे दोन हजारच्या आसपासचे मिक्स आवडले म्हणून त्याचे अलीकडचे सेट लावाल तर दुसरंच काहीतरी ऐकू येईल. २००९च्या सुमारास तो ट्रान्सपासून दूर गेला. मालिकांचंही तसंच. ‘इन सर्च ऑफ सनराइज’ या संग्रहमालिकेचे पहिले सात भाग टिएस्टोचे, आठव्यापासून हात बदलला. सहावा आवडला म्हणून नववा आवडेलच असं नाही. आवडलेल्या मिक्सच्या आगेमागे दोन वर्षं, एवढ्याच पट्ट्यात आधी शोधा.

जुन्याकडे जाणं मात्र टाळू नका. पॉल ओकनफोल्डचा बीबीसी रेडिओ १ वरचा १९९४चा ‘गोवा मिक्स’ आजही लोक शोधून ऐकतात. त्यात गोवा ट्रान्सच्या मधोमध चित्रपटांचं पार्श्वसंगीत पेरलेलं आहे. ब्रेकडाउनमधला तो पसरलेला, धुकट भाग तुम्हाला आवडत असेल तर तो मिक्स एकदा सलग ऐकाच.

पायरी ६: दर आठवड्याची जत्रा

नवे मिक्स आपोआप येत राहावेत यासाठी दोन-तीन साप्ताहिक कार्यक्रम पकडा. दोन-तीनच. आर्मिनचा ‘अ स्टेट ऑफ ट्रान्स’ २००१पासून चालू आहे आणि २०२१मध्ये त्यानं हजारावा भाग गाठला. तो साधारणपणे मंद बाजूनं सुरू होऊन वेगवान बाजूला जातो, त्यामुळे तुमची आवड पहिल्या अर्ध्या भागात बसते की शेवटी, हे दोन-तीन भागांत कळतं. अबव्ह अँड बियाँडचा ‘ग्रूप थेरपी’ २०१२पासूनचा. त्याच्या शेवटी पाहुण्या कलाकाराचा अर्ध्या तासाचा मिक्स असतो. नव्या माणसाला माझा सल्ला असा: वेळ नसेल तर फक्त तो पाहुण्याचा अर्धा तास ऐका. वर्षभरात पन्नासएक डीजेंची तोंडओळख होते. अपलिफ्टिंगवाल्यांनी इजिप्तच्या अली अँड फिला यांचा ‘फ्यूचर साउंड ऑफ इजिप्त’ पाहावा, काळोख्या बाजूच्यांनी मार्कस शुल्झचा ‘ग्लोबल डीजे ब्रॉडकास्ट’.

‘अ स्टेट ऑफ ट्रान्स’चा दरवर्षीचा इयर मिक्स हे वेगळंच हत्यार आहे. दोन तासांत शंभराच्या आसपास ट्रॅक. ऐकायला तो मला दमवतो, प्रत्येक ट्रॅक एखाद-दीड मिनिटात पळतो. पण ज्या वर्षाचं तुम्हाला काहीच माहीत नाही त्या वर्षाचा अंदाज घ्यायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. वही शेजारी ठेवा, आवडलेल्यांवर खूण करा, आणि त्या खुणांपासून पायरी ४ पुन्हा सुरू.

पायरी ७: चाळणी लावा

आता उलट अडचण येईल: तीस मिक्स जमले, ऐकायचे कधी? पहिली पाच मिनिटं ऐकून निकाल देऊ नका. सुरुवात बहुतेकांची सारखीच गुळमुळीत असते. दोन तासांचा सेट असेल तर २५वं मिनिट, ६०वं मिनिट आणि शेवटची १५ मिनिटं, अशा तीन जागी तीन-तीन मिनिटं ऐका. दहा मिनिटांत निकाल. तीनपैकी एका जागी जरी वहीतली नोंद जिवंत झाल्यासारखी वाटली तर तो मिक्स रांगेत. फक्त ते लांब, ‘काहीच घडत नाहीये’वाले सेट या चाळणीतून नेहमी गळतात. ते ज्यांना आवडतात त्यांनी सलग अर्धा तास दिल्याशिवाय पर्याय नाही.

यूट्यूब किंवा स्पॉटिफायच्या शिफारशींचं काय, असं हमखास विचारलं जातं. मिक्स ही त्यांच्या लेखी एक लांबलचक फाइल. तिच्या ४७व्या मिनिटाला तुमच्या अंगावर काटा आला हे त्यांना कळायला मार्ग नाही. तो मिक्स ऐकणारे इतर लोक आणखी काय ऐकतात, यावरच त्यांचा मुख्य भर. म्हणून ते फिरून फिरून गाजलेल्याच नावांवर येतात. यांच्याकडून काम करून घ्यायचं तर मिक्स नव्हे, सुटे ट्रॅक द्या. तुमच्या दहा मिनिटांतले आणि आसपासचे सहा-सात ट्रॅक घेऊन वेगळी प्लेलिस्ट करा, तिच्यात दुसरं काहीही मिसळू नका, आणि त्या प्लेलिस्टवरून रेडिओ सुरू करा. येणाऱ्या ट्रॅकमधून एखादा निर्माता सापडला की त्याच्या नावापुढे ‘डीजे सेट’ लावून पुन्हा मिक्सकडे वळा. कधी फारच कंटाळा आला तर डीआय.एफएम हा १९९९पासूनचा इंटरनेट रेडिओ आहे. ट्रान्स, व्होकल ट्रान्स, प्रोग्रेसिव्ह, गोवा-साय असे वेगळे चॅनल लावून सोडून द्यायचे.

जे मिक्स आवडतील त्यांची ट्रॅकलिस्ट लगेच उतरवून ठेवा. हक्कांच्या तक्रारींमुळे किंवा नुसत्याच कंटाळ्यामुळे मिक्स नेटवरून उडत असतात. पान गेलं तरी यादी असेल तर ती दहा मिनिटं पुन्हा उभी करता येतात.

वहीच्या मागच्या पानावर न सापडलेल्या आयडींची यादी ठेवा: मिक्सचं नाव, मिनिट, आणि कानाला जे ऐकू आलं ते. दर तीन-चार महिन्यांनी ती घेऊन बसा आणि १००१ट्रॅकलिस्ट्सवरची जुनी पानं पुन्हा उघडा. मधल्या काळात कुणीतरी दोन-तीन नावं भरून ठेवलेली असतात. माझ्या मागच्या पानावर सध्या अकरा ओळी आहेत. त्यातली एक नुसती ‘घंटेसारखं काहीतरी, १:३८, पहाट’ एवढीच आहे आणि मिक्सचं नाव लिहायला मी विसरलो आहे.